पाळी ३५ दिवसांची असेल, तर चौदावा दिवस कसा धरायचा?

अबोली

नमस्कार. माझे वय ३१ आहे, लग्नाला तीन वर्षे झाली आहेत आणि गेले आठ महिने आम्ही बाळासाठी प्रयत्न करत आहोत. मी चिपळूणजवळच्या एका शाळेत शिकवते. माझे पती चाकणला नोकरीला आहेत आणि एक आड एक शनिवारी घरी येतात, त्यामुळे महिन्याकाठी आम्हांला एकत्र असे चार-पाच दिवसच मिळतात. ते दिवस नेमके योग्य वेळी यावेत म्हणून मी सुरुवातीपासून नोंदी ठेवते आहे. पण जितक्या नोंदी वाढल्या तितका माझा गोंधळ वाढला आहे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझी पाळी ३३ ते ३६ दिवसांनी येते. मोबाइलमध्ये पाळीचे एक ॲप घेतले, तेव्हा त्यात २८ दिवस असेच भरले होते आणि मी ते बदलले नाही. ते ॲप दर महिन्याला १० ते १५ हे दिवस हिरव्या रंगात दाखवते, आणि त्याप्रमाणे पती दोनदा रजा काढूनही आले. औषधाच्या दुकानातून मी अंडोत्सर्जन, म्हणजे बीज बाहेर पडणे, तपासण्याच्या पट्ट्या आणल्या, अकराव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत रोज सकाळी तपासले, आणि पाचही पट्ट्यांवर दुसरी रेघ पुसटच राहिली. पुढच्या महिन्यातही तेच झाले.

त्यानंतर मी एका दवाखान्यात गेले. तेथे पाळीच्या एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्ततपासणी झाली, ती ०.८ आली आणि "तुमचे बीज तयारच होत नाही" असे मला सांगण्यात आले. त्या दिवशी घरी परतताना मी बसमध्ये रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. साधारण अठराव्या दिवसापासून मला तीन-चार दिवस अंगावर पांढरे जाते. ते पातळ आणि बुळबुळीत असते, खाज नसते, वास नसतो. ओळखीच्या एका बाईंनी अशक्तपणामुळे असे होते म्हणून सांगितले, तेव्हा मी दोन महिने त्यावर गोळ्या घेतल्या. मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाला गेले की कोणी ना कोणी हळूच विचारतेच, त्यामुळे या विषयावर घरात किंवा शेजारी मोकळेपणाने बोलण्याची सोय नाही. माझे विचारणे एवढेच आहे की, माझ्या शरीराची कोणती खूण मी खरी मानावी, आणि पतींना कोणत्या दिवशी या म्हणून सांगावे?

गोदाकाठ

अबोलीताई, तुमचे लिहिणे वाचताना मला माझेच चार वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. मी डॉक्टर नाही. पीसीओडी (बीजकोशांचा विकार, ज्यात पाळी अनियमित होते) असल्यामुळे या नोंदी अडीच वर्षे ठेवल्या आहेत, तेवढ्याच अधिकाराने लिहिते.

सर्वांत आधी तुमच्या त्या पांढऱ्या जाण्याविषयी. तुम्ही जे वर्णन केले आहे, ती बहुधा तुम्हांला मिळालेली सर्वांत चांगली खूण आहे आणि तुम्ही तिच्यावरच औषध घेत होतात. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडे जातात, मग स्राव चिकट आणि दाटसर होतो, मग सायीसारखा, आणि अंडोत्सर्जन जवळ आले की तो पाण्यासारखा पातळ किंवा कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक होतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून बोटे लांब केली, तर तार तुटत नाही. असा स्राव ज्या दिवशी शेवटचा दिसतो, त्या दिवसाच्या आसपास बीज बाहेर पडते आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत पुन्हा कोरडेपणा येतो. हे पाहण्यासाठी काही विशेष करावे लागत नाही. लघवीला गेल्यावर पुसताना जे जाणवते आणि दिसते, तेवढे लक्षात ठेवायचे आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसातला सर्वांत ओला, सर्वांत निसरडा असा जो स्राव होता तोच लिहायचा. संबंध आल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र वीर्यामुळे फसगत होते, म्हणून त्या दिवसापुढे मी प्रश्नचिन्ह काढत असे.

दुसरी खूण तापमानाची. रोज सकाळी जाग आल्यावर, उठून बसण्यापूर्वी, कोणाशी बोलण्यापूर्वी, थर्मामीटर जिभेखाली धरायचा. मी तो उशीखाली ठेवत असे, कारण कपाटातून काढायला उठले की नोंद बिघडे. तापाचा साधा थर्मामीटर चालत नाही असे नाही, पण दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा बेसल थर्मामीटर मिळाला तर फरक स्पष्ट दिसतो. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणजे शाळेच्या दिवशी पहाटे उठत असाल आणि रविवारी उशिरा. उशिरा घेतलेले तापमान थोडे चढेच येते, म्हणून वेळ शक्यतो तीच ठेवा आणि चुकली तर नोंदीशेजारी वेळ लिहा. ताप, रात्रीचे जागरण, प्रवास हेही लिहा.

मी गणिताची चौकटीची वही घेतली होती. एक आडवी चौकट म्हणजे एक दिवस आणि एक उभी चौकट म्हणजे एक दशांश अंश फॅरनहाइट. पहिल्या भागात ठिपके ९७.१ ते ९७.५ च्या दरम्यान खालीवर होत राहत आणि ज्या महिन्यात बीज बाहेर पडे, त्या महिन्यात ते एकदम ९७.९ च्या पुढे जाऊन तेथेच टिकत. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस तापमान चढे राहिले, आणि तिसऱ्या दिवशी ते त्या सहांतल्या सर्वांत जास्त नोंदीपेक्षा निदान ०.४ अंशांनी वर असले, म्हणजे अंडोत्सर्जन होऊन गेले असे समजायचे. "होऊन गेले" हे शब्द महत्त्वाचे आहेत. तापमान चढलेले पाहून पतींना बोलावले तर ते येईपर्यंत संधी निघून गेलेली असते. मी पहिले पाच महिने हीच चूक करत होते.

पट्ट्यांनी मला फसवले. त्या एलएच हे संप्रेरक मोजतात, आणि पीसीओडीमध्ये ते मुळातच जास्त असू शकते, त्यामुळे माझ्या पट्टीवर नऊ-नऊ दिवस दोन रेघा दिसत आणि तापमान मात्र जागचे हलत नसे. तीच वही मी डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत सांगितले की बहुतेक महिन्यांत बीज सुटतच नाही. बीज सुटावे म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या आणि सोनोग्राफीवर बीजाची वाढ पाहणारी फॉलिक्युलर स्टडी असे चार महिने चालले, आणि चौथ्या महिन्यात दिवस राहिले. मुलगी आता दोन वर्षांची आहे. तुमची पाळी माझ्यापेक्षा पुष्कळ नियमित आहे, म्हणून तुमच्या वहीत काय दिसेल याची मला फार उत्सुकता आहे.

निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ

मी साताऱ्याला तीस वर्षे व्यवसाय केला. वरच्या बाईंनी स्रावाविषयी आणि तापमानाविषयी जे लिहिले आहे, त्यात मला काही दुरुस्त करण्यासारखे आढळले नाही. मला बोलायचे आहे ते चौदाव्या दिवसाविषयी आणि त्या रक्ततपासणीविषयी, कारण या दोन्ही ठिकाणी एकच चूक झालेली दिसते.

पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा दुसरा भाग बहुतेक स्त्रियांमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो आणि एकाच स्त्रीमध्ये तो महिन्यागणिक फारसा बदलत नाही. कमीजास्त होतो तो पहिला भाग. म्हणून चौदा दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. मागच्या पाळीपासून पुढे नव्हेत. १९२०च्या दशकात जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलेली ही गोष्ट आहे, आणि तरीही आज मोबाइलवर प्रत्येकीला चौदावा दिवस दाखवला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. २८ दिवसांच्या चक्रात दोन्हीकडून मोजले तरी चौदाच येतात, तेथून हा घोटाळा सुरू होतो.

आता तुमचा हिशेब करू. पाळी ३३ ते ३६ दिवसांची, म्हणजे अंडोत्सर्जन साधारण १९ ते २२ या दिवसांत. एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासले तेव्हा बीज नुकतेच बाहेर पडत असेल किंवा पडायचेही असेल, आणि हे संप्रेरक तर बीज बाहेर पडल्यावर वाढते. ही तपासणी पाळी अपेक्षित असण्याच्या सुमारे सात दिवस आधी करायची असते, म्हणजे तुमच्या बाबतीत सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास. त्या वेळी ती ३ नॅनोग्रॅमच्या वर आली तर अंडोत्सर्जन झाले असे धरता येते. तेव्हा तुमच्या ०.८ या आकड्यावरून "बीज तयार होत नाही" हा निष्कर्ष निघत नाही. तपासणी योग्य दिवशी पुन्हा करून घ्या.

पट्ट्यांचेही तसेच. सर्वांत लहान चक्रातून १७ वजा करावेत आणि त्या दिवसापासून तपासायला लागावे. तुम्हांला सोळाव्या दिवसापासून पुढे सात-आठ दिवस रोज एक पट्टी वापरावी लागेल. वेष्टनावर वेगळे सांगितले नसेल तर दुपारची लघवी घ्या आणि त्याआधी दोन तास फार पाणी पिऊ नका. तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली, तरच ती होकारार्थी. पुसट रेघ म्हणजे नकार. होकार मिळाल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडते.

बीज बाहेर पडल्यावर ते १२ ते २४ तासच फलनक्षम राहते, पण त्या बुळबुळीत स्रावात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. १९९५ साली अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गर्भधारणा झाली ती केवळ अंडोत्सर्जनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस या सहा दिवसांतल्या संबंधांमुळेच. त्यानंतरच्या दिवशी आलेल्या संबंधांतून एकही नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ फार मोलाचा आहे. पतींनी नेमक्या दिवशी हजर असण्याची गरज नाही, थोडे आधी आले तरी चालेल. निसरडा स्राव दिसू लागला की त्यांना निरोप पाठवा, पट्टीची वाट पाहत बसू नका. त्या काळात एक दिवसाआड संबंध आले तरी पुरेसे होतात, आणि शुक्राणू "साठवून ठेवण्यासाठी" आठ-दहा दिवस संयम पाळण्याने काही लाभ होत नाही. बाजारातली साधी वंगणे शुक्राणूंची हालचाल मंदावतात, ती टाळावीत.

पांढऱ्या जाण्याला स्वतंत्र उत्तर देतो, कारण माझ्या बाह्यरुग्ण कक्षात निम्म्या बायका हीच तक्रार घेऊन येत. खाज, आग, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग किंवा दह्याच्या गुठळ्यांसारखे स्वरूप असेल तर तो संसर्ग असतो आणि तपासून घ्यायलाच हवा. यातले काहीही नसताना महिन्याच्या मध्यावर तीन-चार दिवस येणारा पातळ, पारदर्शक स्राव हा आजार नाही आणि त्याने अशक्तपणाही येत नाही. आतून धुणे, निरनिराळी द्रावणे वापरणे हे सर्व बंद ठेवावे.

फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आजपासूनच सुरू करा. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, रुबेला आणि तुम्हां दोघांपैकी एकाची तरी थॅलेसेमियासाठी तपासणी एकदा करून घ्या. पस्तिशीच्या आतल्या जोडप्याने वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून मग तज्ज्ञाकडे जावे असा संकेत आहे. परंतु तुमचे आठ महिने झाले असे मी म्हणणार नाही, कारण त्या आठ महिन्यांतले योग्य दिवस बहुधा हुकलेलेच आहेत. पतींची वीर्यतपासणी मात्र लांबवू नका.

करवीरकर

डॉक्टरांनी शेवटी जे एक वाक्य लिहिले आहे, त्यावर एका पुरुषाने लिहिणे आवश्यक आहे असे वाटून लिहीत आहे.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीला ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर काम करत होतो. माझ्या पत्नीने चौदा महिने तापमान घेतले, पट्ट्या वापरल्या, सोनोग्राफी करून घेतली, गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत याची तपासणी झाली आणि त्या वेळी तिला इतका त्रास झाला की ती दोन दिवस झोपून होती. या चौदा महिन्यांत मला कोणीही काहीही विचारले नाही, आणि मीही होऊन काही विचारले नाही. अखेर पत्नीच मला म्हणाली, "माझे सगळे झाले, आता एकदा तुम्ही जाऊन या." माझी तपासणी तासाभरात झाली. शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला ६० लाख निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख दिलेली आहे.

डॉक्टरांनी सांगितले की अंडकोशांना शरीरापेक्षा थोडे कमी तापमान लागते आणि सततच्या उष्णतेने शुक्राणू घटू शकतात. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी. मी साहेबांना विनंती करून तपासणी विभागात बदली करून घेतली, तंबाखू सोडली, आणि तीन महिन्यांनी संख्या १ कोटी ९० लाख आली. यातले नेमके कशामुळे झाले हे मी सांगू शकत नाही. पण त्या चौदा महिन्यांत पत्नीच्या वहीतल्या प्रत्येक पानावर तिचेच शरीर होते आणि माझ्यासाठी एकही रकाना नव्हता, ही गोष्ट मला आजही लागते.

अबोलीताई, तुमचे पती चाकणला असतात, तेथे आणि पुण्यात ही तपासणी सहज होते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो, त्यामुळे घरी न येणारा आठवडा त्यांना सोयीचा पडेल.

मालवणची लेक

डॉक्टर, एक शंका याच धाग्यात विचारते. आमच्याकडे वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो की पाळीपासून सम रात्री धरल्या तर मुलगा आणि विषम रात्री धरल्या तर मुलगी होते. माझ्या जावेने या हिशेबात निम्म्या रात्री सोडून दिल्या. याला काही आधार आहे का?

निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ

नाही. बाळाचे लिंग शुक्राणूकडून एक्स गुणसूत्र येते की वाय यावर ठरते, आणि मी वर सांगितलेल्या १९९५ च्या अभ्यासातही संबंधांचा दिवस आणि बाळाचे लिंग यांचा काही संबंध आढळला नाही. सहा दिवसांची संधी असताना त्यातल्या तीन रात्री सोडून देणे म्हणजे दिवस राहण्याची शक्यता स्वतःहून कमी करणे आहे. जावेला हे माझ्या नावावर सांगितले तरी चालेल.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दीड महिना लागला, कारण एक पूर्ण चक्र नोंदवून मगच लिहायचे ठरवले होते.

गोदाकाठताई, मी चौकटीची वही शाळेच्या दुकानातूनच घेतली. अठराव्या दिवशी स्राव पातळ झाला आणि मी त्याच रात्री पतींना फोन केला. तो बुधवार होता. त्यांनी रविवारची कामाची पाळी दुसऱ्याशी बदलून गुरुवार-शुक्रवारची सुट्टी घेतली, आणि गुरुवारी पहाटे कुंभार्ली घाटातून येणाऱ्या गाडीने ते घरी पोचले. एकोणिसाव्या आणि विसाव्या दिवशी बोटांतली तार तुटत नव्हती. विसाव्या दिवशी दुपारी शाळेतून परतल्यावर पट्टी लावली, तेव्हा दुसरी रेघ पहिलीहून गडद उमटली. आठ महिन्यांत मी पहिल्यांदाच ती पाहत होते; पट्टी वाळेपर्यंत हातात धरून उभी होते. एकविसाव्या दिवशी तापमान ९७.३२ होते, बाविसाव्या दिवशी ९७.८८, आणि पुढे ते ९७.८ च्या खाली आलेच नाही.

सत्ताविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची तपासणी पुन्हा केली. या वेळी ते ११.४ आले. डॉक्टर, तुमचे वाक्य मी पतींना दोनदा वाचून दाखवले.

पस्तिसाव्या दिवशी सकाळी तापमान ९७.४ वर उतरले आणि दुपारी, मधल्या सुट्टीत, पाळी आली. वाईट वाटले, पण सकाळी ठिपका काढतानाच ते समजले होते, त्यामुळे पिशवीत पॅड घालूनच मी शाळेत गेले होते. मागचे सात-आठ महिने मी शेवटच्या आठवड्यात रोज गर्भतपासणी करून पाहत असे, या वेळी एकदाही केली नाही.

करवीरकर, वहीत एक रकाना वाढवला आहे. पतींनी येत्या मंगळवारी सकाळची वेळ घेतली आहे. अहवाल आला की येथे लिहीन, आणि तो वाचून पुढे काय विचारायचे तेही तुम्हांलाच विचारीन.